मुरलेला तानपुरा

"दोनशे चौदा नंबरची रेकॉर्ड काढून टाकणार म्हणे," पद्मावतीवहिनी म्हणाल्या.

गुरुवार होता, दुपारचे अडीच. आमच्या जयसिंगपुरातल्या वाचनालयाच्या श्रवणकक्षात गुरुवारी दोन ते चार ही बायकांची वेळ होती. त्या वेळेचा फायदा घेणारी बाई बहुतेक करून एकच, ती ही. वजनमापे खात्यातले निरीक्षक नेमिनाथ शिरगुप्पे यांच्या पत्नी.

"यादी साहेबांनीच केलीय, वहिनी. घरीच विचारायचं की."

"घरी विचारता आलं असतं तर या उन्हातून आले असते का?"

साल पंच्याऐंशी. श्रवणकक्ष सांभाळायला लागून मला चोवीस वर्षं झाली होती. दोन रेकॉर्ड प्लेअर, एक मोठं कपाट, त्यात सहाशे चाळीस रेकॉर्डी आणि दोन रजिस्टरं. पुरुषांचं लाल पुठ्ठ्याचं, बायकांचं हिरव्या. तारीख, सभासदाचं नाव, रेकॉर्डचा नंबर, ऐकलं किती वेळ आणि शेवटी शेरा. एकमेकांचं रजिस्टर उघडायचं नाही असा संकेत होता. तो कुणी घातला कोणास ठाऊक, पण सगळे पाळत.

वाचनालयाचे अध्यक्ष बोरगावे तंबाखूचे व्यापारी. त्यांना त्या कपाटाच्या जागी रंगीत टीव्ही ठेवायचा होता. म्हणून त्यांनी छाटणी समिती नेमली, तिच्यावर शिरगुप्पे साहेबांना घेतलं, आणि साहेबांनी अडतीस रेकॉर्डींची यादी दोन दिवसांत करून दिली. या रेकॉर्डी जुन्या सामानवाल्याकडे जायच्या होत्या. दोनशे चौदा त्यातलीच. कु. मालती आवटी या कुणा बाईंचं चांदण्यावरचं एक भावगीत. बाईंचं नाव मी दुसरीकडे कुठं कधी वाचलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला हवी तर तुम्ही घेऊन जा. सामानवाल्याकडे जाण्यापेक्षा बरं."

"मला नको. इथं राहू दे, एवढंच."

"मग कारण काय लिहू?"

"कारण लिहायलाच पाहिजे का?"

"रजिस्टर आहे, वहिनी."

त्यांनी दोनशे चौदा काढून घेतली आणि प्लेअरवर ठेवली. ती ऐकायची त्यांची पद्धत मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. पिन ठेवायची, कान जवळ न्यायचा, गाणं सुरू झालं की पिन उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असं चार-पाच वेळा. गाणं पूर्ण असं त्यांनी कधी ऐकलंच नाही. मला आधी वाटे, बाईंना यंत्र नीट हाताळता येत नाही. त्या दिवशी त्यांनी अकरा वेळा पिन ठेवली. हिरव्या रजिस्टरात एरवी पाच मिनिटं लिहीत, त्या दिवशी लिहिली बारा, आणि शेऱ्याचा रकाना नेहमीसारखा कोरा सोडून त्या गेल्या.

कोरा सोडलेला शेरा ही त्या घराण्याला शोभणारी गोष्ट नव्हती. त्यांच्या यजमानांनी लाल रजिस्टरात तोवर साडेतीनशेच्या वर शेरे लिहिले होते. माणसाचं चरित्र वाचायला कुंडली लागत नाही, असं माझं मत आहे. रजिस्टर पुरतं.

साहेब मूळचे दानोळीचे. नवव्या वर्षी वरातीच्या बँडमधल्या क्लॅरिओनेटमागं चालत चालत नांदणीपर्यंत गेले आणि नवऱ्या मुलाच्या पंगतीत जेवूनच परत आले, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तिथून सुरुवात. एकसष्ट सालचा पहिला शेरा सिनेमाच्या गाण्यावर: "अहाहा. डोळ्यांत पाणी आलं. तीनदा ऐकलं." चौसष्टमध्ये नाट्यपदं: "हे खरं गाणं. सिनेमातलं आणि भावगीतातलं म्हणजे पाण्याचं दूध." एकोणसत्तरला ख्याल: "शब्द कळला नाही. गरजही वाटली नाही." पाच वर्षांनी: "द्रुत सुरू होताच उठलो." अठ्ठ्याहत्तरला आलाप: "तबला येईपर्यंत उत्तम." आणि ब्याऐंशी सालचा शेरा मला तोंडपाठ आहे: "तानपुरा सुरेख लागला आहे. मग बुवा आले."

माणसं वय झालं की जेवण कमी करतात, साहेबांनी गाणं कमी केलं.

बरं, एक मत सोडून दुसरं धरलं की माणूस पहिल्याला निदान गुपचूप विसरतो. साहेब विसरत नसत. खात्यात वजनांची दर काही वर्षांनी फेरतपासणी असते, तशी ते जुन्या शेऱ्यांची करत. लाल शाईचं पेन घेऊन बसत आणि स्वतःच्याच अक्षरापुढं लिहीत, "फेरतपासणी: अज्ञान. ने. शि." एकसष्टचं 'डोळ्यांत पाणी आलं' असं तीनदा अज्ञान ठरलं होतं.

बाजारात त्यांचा दरारा होता. एका हाताने मेथीची जुडी घेताना दुसऱ्या हाताने तराजूची दांडी चाचपणारा माणूस. मला एकदा म्हणाले, "चौगुले, तराजू आपोआप चुकत नाही आणि आपोआप बरोबरही होत नाही. आधी बघायचं, दांडीला हात कोण लावतंय." घरीही मोजमाप तेच. वहिनींच्या स्वयंपाकाला त्यांनी दिलेला सर्वांत मोठा मान म्हणजे "मीठ बरोबर आहे." हे वहिनींनीच एकदा हसत सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत सहा वेळा म्हणाले होते.

ब्याऐंशीपासून साहेबांनी घरात तानपुरा आणला. गाण्यासाठी नव्हे. गाणाऱ्यामुळेच तानपुऱ्याचं नुकसान होतं असं त्यांचं मत झालं होतं. सकाळी उठून अर्धा तास तो लावायचा, मग आंघोळ, मग येऊन पाच-दहा मिनिटं डोळे मिटून नुसता छेडत बसायचं. आणि या उद्योगातून त्यांना शोध लागला.

"लावल्या लावल्या तानपुरा कधी बोलत नाही," ते मला म्हणाले. "मी अर्धा तास खटपट करतो, तरी कुठंतरी कमी वाटतं. मग पंधरा मिनिटं त्याला एकटा सोडायचा. परत येऊन छेडा, काय लागलेला असतो. मुरतो तो."

"मुरतो?"

"लोणच्यासारखं आहे. घातल्या घातल्या कोण खातं का?"

यावर त्यांनी दोन पानी टिपण लिहून वाचनालयाच्या फलकावर लावलं. 'तानपुऱ्याचे मुरणे: एक निरीक्षण.' त्यात सत्तेचाळीस दिवसांच्या नोंदी होत्या. लावल्याची वेळ, मुरल्याची वेळ, हवा कोरडी की दमट. मिरजेहून आलेल्या एका बुवांनी ते वाचलं आणि बराच वेळ फलकाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

पुढच्या गुरुवारी वहिनी पुन्हा आल्या. या वेळी रेकॉर्ड मागितली नाही. खुर्ची ओढून माझ्या टेबलासमोर बसल्या.

"कारण सांगितलं तर राहील का?"

"प्रयत्न करता येईल."

"आणि यांना सांगणार नाही असा शब्द द्याल?"

दिला. तेव्हा मला वाटलं की मालती आवटी म्हणजे वहिनीच असणार, लग्नात नाव बदललं असेल. मी तसं म्हणालो. त्या हसल्या.

"मालती आमच्या शेजारची. गळा असा गोड, पण सुरात राहायचं वावडं. माझं माहेर मिरजेला, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. लहानपणापासून मी गुलाबचाचांच्या दुकानात बसलेली असायची. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो बघा, तो केसभर पुढं-मागं सरकवला की तार बोलायला लागते. चाचांचे डोळे गेले होते आणि माझे कान बरे होते. म्हणून दोरा सरकवायला मला बसवायचे."

"आणि रेकॉर्ड?"

"मालतीच्या वडिलांची रेकॉर्ड कंपनीत ओळख होती, कंपनीने मुंबईला बोलावलं. ती म्हणाली, पद्मा तानपुऱ्यावर नसेल तर मी गाणार नाही. मी पंधराची. दोघी गेलो. साथीला पेटीवाले होते, त्यांना ऐन वेळी शिंक आली. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी नाक दाबून धरलं आणि पेटी पाच-सहा सेकंद उशिरा सुरू झाली. कंपनीचा माणूस म्हणाला, चालतंय, पुन्हा नको." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "तेवढ्या पाच-सहा सेकंदांत नुसता तानपुरा आहे. तिथं मी आहे. नंतर पेटी येते, मालती येते, मग माझं काही ऐकू येत नाही."

एवढ्या वर्षांची पाच मिनिटांची कोडी एका दमात सुटली. मी विचारलं, "साहेबांना इतक्या वर्षांत सांगितलं नाही?"

"बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, गाणं येतं का. मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते. तानपुरा लावता येतो का, असं मुलीला कोण विचारतं? आणि नंतर यांनी भावगीताला पाण्याचं दूध ठरवलं. मग काय सांगायचं, त्या पाण्यात थोडं माझंही आहे म्हणून?"

"वहिनी, तबकडी मी गुपचूप तुमच्या पिशवीत टाकतो. कुणाला कळणार नाही."

"चोरून नको. आणि घरी नेली तर ठेवू कुठं? आमच्या घरात प्रत्येक वस्तू कशाला आणली ते सांगावं लागतं." त्या उठल्या. "तिच्यावर माझं नाव नाही, त्यामुळे मागायला मला तोंड नाही. पण इथं आहे म्हणजे मी कधीतरी काहीतरी केलं होतं, याला साक्ष आहे. बघा, जमलं तर."

मी रात्र न घालवता त्याच संध्याकाळी एक नियम केला.

समिती बसली शनिवारी सकाळी. बोरगावे अध्यक्ष, शिरगुप्पे साहेब तज्ज्ञ आणि मी नोंदी करायला. बोरगाव्यांनी सही करायला पेन काढलं तसा मी म्हणालो, "अकराव्या नियमाप्रमाणे काढायची प्रत्येक रेकॉर्ड एकदा वाजवून बघावी लागते."

"अकरावा नियम कधी केला?"

"आहे आधीपासून."

"मला माहीत नव्हता."

"दहाव्याच्या पुढं कुणी वाचत नाही, अध्यक्ष."

बोरगाव्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साहेबांना मात्र नियम पटला. न तपासता बाद करणं म्हणजे वजन न ठेवता दंड करण्यासारखं आहे, असं म्हणून ते खुर्चीत सरसावून बसले. मी एकेक रेकॉर्ड लावत गेलो. साहेब दोन ओळी ऐकत आणि हात हलवत. "कमी." पुढची. "कमी." एका लावणीला बोरगाव्यांनी मान डोलवली, तर साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की अध्यक्षांनी मान आहे तिथंच थांबवली.

तिसावी गेली. मी दोनशे चौदा ठेवली, पिन खरखरली. मग तानपुरा सुरू झाला.

साहेबांचा हात अर्धा वर आला होता, तो तिथंच राहिला. पेटी आली. मालती आवटी आल्या. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"पिन उचला. पुन्हा लावा."

पुन्हा लावली. पेटी आल्यावर पुन्हा म्हणाले, उचला. असं सहा वेळा झालं. अगदी तसंच, जसं गुरुवारी व्हायचं. नवरा-बायकोचं एकमेकांसारखं दिसायला लागणं मी पाहिलं होतं, एकमेकांसारखं ऐकणं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"काय साहेब, काढायची ना?" बोरगावे म्हणाले.

"थांबा हो." साहेबांनी चष्मा काढला. "चौगुले, खर्ज ऐकला? शेवटची तार. केसभर उतरती आहे. चूक म्हणावी तर चूक नाही. आमच्या खात्यात याला सूट म्हणतात, पण ही सूट घेतल्यामुळं वरचं सगळं भरून येतंय."

"होय, साहेब."

"माझ्या घरचा तानपुरा मुरल्यावर असाच उतरतो. असाच. केसाचाही फरक नाही."

मी नोंदवहीत मान घातली. आता या माणसाला कळणार, असं वाटलं. तराजूच्या दांडीवर बोटाचा ठसा बघणारा माणूस.

साहेबांनी लाल रजिस्टर ओढून घेतलं, तारीख घातली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: "गाणे टाकाऊ. मात्र सुरुवातीचा तानपुरा पूर्ण मुरलेला. ध्वनिमुद्रणापूर्वी किमान पंधरा मिनिटे विश्रांती दिली असली पाहिजे. माझ्या सिद्धान्ताचा हा स्वतंत्र पुरावा आहे. ठेवावी. ने. शि."

रेकॉर्ड वाचली. वाचली ती ज्या कारणासाठी, ते बघून हसावं की रडावं कळेना.

गुरुवारी मी वहिनींना तो शेरा शब्द न् शब्द म्हणून दाखवला. 'पूर्ण मुरलेला' वर त्यांनी मान वर केली. 'विश्रांती' वर त्यांनी पदर तोंडाला लावला. 'स्वतंत्र पुरावा' आला तशा त्या टेबलाला धरून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"चौगुले, यांना आंघोळीला किती वेळ लागतो ठाऊक आहे?"

"किती?"

"पंधरा मिनिटं."

मला समजायला एक क्षण लागला.

"म्हणजे तो सकाळी..."

"हे अर्धा तास खुंट्या पिळतात. मला स्वयंपाकघरात ऐकवत नाही. न्हाणीघराची कडी लागली की मी येते, दोरा सरकवते, खर्ज उतरवते आणि जाऊन भाकरी टाकते. तीन वर्षं झाली."

"आणि ते टिपण? सत्तेचाळीस दिवस?"

"त्यातल्या दोन दिवशी मला ताप होता. त्या दिवशी हवा दमट होती म्हणून यांनी लिहिलंय."

"सांगून टाका की वहिनी. एवढी तारीफ आहे, लिखित."

त्यांनी डोळे पुसले. "हे आंघोळ करून येतात, तार छेडतात आणि डोळे मिटतात. तेवढी दहा मिनिटं यांना जगात काही कमी पडत नाही. नंतर दिवसभर सगळं कमीच पडतं. माझी बोटं आहेत म्हटलं, तर उद्यापासून बोटांची तपासणी सुरू होईल. राहू दे. लोणचं मुरतंय तर मुरू दे."

इथंच हे संपलं असतं. पण पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या थोरल्या मुलीचं बाळंतपण आलं आणि वहिनी अडीच महिन्यांसाठी हुबळीला गेल्या.

त्यांना जाऊन तीन आठवडे झाले असतील. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे ऐन कचेरीच्या वेळेत, साहेब श्रवणकक्षात येऊन उभे राहिले. दाढी एका गालाला राहिली होती.

"चौगुले, मुरत नाही."

"बसा तरी."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "एकवीस दिवस. पंधरा मिनिटं सोडून बघितलं. तीस. साठ. काल लावून कचेरीला गेलो, आठ तासांनी बघितलं तर आणखी बिघडलेला."

"हवा बदलली असेल."

"हवेची नोंद आहे. तीच आहे."

"तारा जुन्या झाल्या असतील."

"नव्या घातल्या. मिरजेहून माणूस आणून दाखवला. तो म्हणतो, तानपुऱ्यात दोष नाही, लावा नीट. मला सांगतो, लावा नीट."

"जागा हलवलीत का?"

"नाही."

"आंघोळीची वेळ?"

"तीच."

मी शब्द दिलेला माणूस. पण रजिस्टरात रेघा ओढता ओढता माणूस काहीही विचारू शकतो. "मग घरात दुसरं काही बदललं असेल, साहेब."

"काही नाही. पद्मा हुबळीला गेलीय, तेवढंच. डबा खानावळीतून येतो. त्याचा नि तानपुऱ्याचा काय..."

ते थांबले. घडी घातलेला कागद त्यांनी पुन्हा उलगडला आणि पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं.

"अकरा तारखेला गेली," ते म्हणाले. "बारापासून मुरत नाही." मग अगदी हळू, माझ्याशी नव्हे, "तराजू आपोआप बरोबर होत नाही."

मी रेघ ओढत राहिलो. ती वाकडी गेली.

"दोनशे चौदा काढा."

काढली. त्यांनी स्वतः पिन ठेवली, कान जवळ नेला, पेटी आली तशी उचलली. पुन्हा ठेवली. मग लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "आवटी. आमच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला एक आवटी होती. पद्माची मैत्रीण. बेसूर म्हणाली होती, मी तेव्हाच म्हटलं होतं." तबकडी त्यांनी खाली ठेवली, फार जपून. "चौगुले, ही रेकॉर्ड माझ्याखेरीज कोण ऐकतं?"

"लाल रजिस्टरात तुम्हीच एकटे."

"आणि हिरव्यात?"

मी शब्द दिला होता. हिरव्या रजिस्टराने दिला नव्हता. मी ते कपाटातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि प्यायला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

परत आलो तेव्हा ते पानं उलटत होते. महिन्याला एक ओळ. सौ. प. ने. शिरगुप्पे, दोनशे चौदा, पाच मिनिटं. दोनशे चौदा, पाच मिनिटं. बारा मिनिटं, तिथं त्यांचं बोट रेंगाळलं. ती छाटणीच्या आधीची तारीख होती, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नसणार. आणि शेऱ्याचे रकाने कोरे, वरपासून खालपर्यंत.

"इतक्या वर्षांत काही लिहिलं नाही तिनं," ते म्हणाले.

"नाही."

"पेन द्या. लाल नको. लाल नंतर."

वहिनींच्या शेवटच्या ओळीपुढच्या रकान्यात त्यांनी काळ्या शाईने लिहिलं. मग लाल रजिस्टर मागून घेतलं, समितीच्या दिवशीचा शेरा काढला, लाल पेनाने त्याच्यापुढं दोन शब्द लिहिले, सही केली. दोन्ही रजिस्टरं बंद करून माझ्याकडे सरकवली. दारापर्यंत जाऊन वळले.

"चौगुले, तुम्हाला किती दिवसांपासून माहीत होतं?"

"कशाबद्दल म्हणता, साहेब?"

त्यांनी माझ्याकडे तराजूकडे बघतात तसं बघितलं. "बरोबर," म्हणाले आणि गेले. फलकावरचं टिपण मात्र त्यांनी काढलं नाही. मला वाटलं, विसरले.

वहिनी हुबळीहून आल्या त्याच्या पुढच्याच गुरुवारी वाचनालयात आल्या. नातू झाल्याचे पेढे दिले. मी हिरवं रजिस्टर त्यांच्यापुढं उघडून ठेवलं. सही करायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. तिथं लिहिलं होतं:

"तानपुरा: सौ. पद्मावती. तपासले. बरोबर आहे. ने. शि."

लाल रजिस्टर मी शेजारीच चुकून उघडं ठेवलं होतं. माझ्याकडून अशा चुका फार क्वचित होतात. त्यातल्या 'सिद्धान्ताचा हा स्वतंत्र पुरावा' याच्यापुढं लाल शाईत होतं, "फेरतपासणी: अज्ञान."

त्यांनी दोनशे चौदा काढून घेतली, पिन ठेवली, आणि या खेपेला उचलली नाही. पेटी आली, मालती आली, चांदणं आलं, सगळं बेसूर गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. रजिस्टरात वेळ लिहिली. शेऱ्यापाशी पेन थोडं थांबलं, पण रकाना कोराच ठेवला.

"घरी कसं आहे?" मी विचारलं.

"बरं आहे. तानपुरा पुन्हा मुरायला लागला म्हणतात. नोंदीही सुरू केल्यात."

"आणि साहेबांची तब्येत?"

"तशी चांगली आहे." त्यांनी तबकडी पाकिटात घातली, पाकीट माझ्या हातात दिलं. "हल्ली आंघोळीला तेवढा वेळ लागतो. पंधरा मिनिटांची पंचवीस झालीत. पाण्याचा आवाज केव्हाच थांबलेला असतो, तरी कडी काढत नाहीत. बाहेर माझी तार थांबली की मग आतून खोकतात, आणि येतात."